उभे राहणे आणि अवधान



हातकणंगले तालुक्यातील कुंभोज-बाहुबली येथे १९६३ साली प्रतिष्ठापित झालेली भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती कोल्हापूर परिसरातील श्रावकांना सुपरिचित आहे. ते पाषाण निश्चल आहे. मनुष्य मात्र कधीच निश्चल उभा नसतो. खड्गासनात स्थिर भासणाऱ्या साधकाचा देहही क्षणोक्षणी किंचित मागेपुढे झुलत असतो. देहाचा गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या पातळीवर, आणि आधार केवळ दोन तळव्यांचा. ‘मूलाचारा’त कायोत्सर्गासाठी दोन पायांत चार अंगुळांचे अंतर सांगितले आहे. एवढ्या अरुंद आधारावर देह तोलून धरणे हे काही सामान्य कर्म नव्हे.

हा तोल राखण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून वार्ता मिळते : नेत्रांकडून, अंतर्कर्णातील तोलेंद्रियाकडून, आणि तळपाय, सांधे व स्नायू यांतील संवेदनांकडून. एक वार्ता खंडित झाली तर उरलेल्या दोन काम निभावतात. दोन खंडित झाल्या तर मात्र देह डगमगतो. मज्जारज्जूच्या विकाराने पायांची जाणीव गमावलेला रुग्ण डोळे मिटताच डोलू लागतो, हे जर्मन वैद्य मोरिट्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नोंदविले. त्यांच्याच नावाची ती चाचणी आजही केली जाते. दीर्घकालीन मधुमेहाने तळव्यांची संवेदना बोथट झालेला वृद्ध श्रावक जिनालयात नेत्र मिटून उभा राहतो, तेव्हा नकळत तो हीच परीक्षा देत असतो. त्यात एखादा पडला, खुब्याचे हाड मोडले, की घरातील साऱ्यांचेच दिवस पालटतात.

उभे राहणे ही आपोआप घडणारी क्रिया आहे, त्यात मनाचा संबंध नाही, असा समज दीर्घकाळ होता. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी वृद्धनिवासातील व्यक्तींचे निरीक्षण केले. चालता चालता कोणी बोलणे सुरू करताच ज्यांना थांबावे लागे, त्यांच्यापैकी बहुतेक जण पुढील सहा महिन्यांत पडले. चालणे आणि बोलणे ही दोन्ही कामे अवधानाच्या एकाच पुंजीतून खर्च मागत होती, आणि वयोमानाने ती पुंजी आटलेली होती.

गंमत अशी की, सारे अवधान पायांवर खिळवूनही तोल सुधारत नाही. उलट तो बिघडू शकतो. स्वतःच्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा शरीराबाहेरील एखाद्या खुणेकडे लक्ष देणारे तोल अधिक चांगला राखतात, असे गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या प्रयोगांत दिसून आले. सोप्या, सरावाच्या मनोव्यापाराने झुलणे थोडे कमी होते आणि अवघड हिशेबाने ते वाढते, असेही काही प्रयोग सांगतात. नऊ वेळा णमोकार मंत्र आणि सत्तावीस श्वासोच्छ्वास ही कायोत्सर्गाची गणना पहिल्या प्रकारात मोडेल, अशी तुलना करण्यास हरकत नसावी.

अवधानाचे नियोजन प्रामुख्याने मेंदूच्या कपाळामागील भागात चालते. मग त्या भागालाच बाहेरून बळ देता आले तर? २००० साली गटिंगेन येथील नित्शे व पाउलुस यांनी दाखवून दिले की, कवटी न उघडता, कातडीवर ठेवलेल्या दोन ओलसर पट्ट्यांतून क्षीण विद्युत्प्रवाह सोडल्यास मेंदूच्या पेशींची उत्तेजनक्षमता काही काळ बदलते. हा प्रवाह एक ते दोन मिलिअँपिअर इतकाच असतो. जुन्या हातबत्तीच्या बल्बलाही याच्या शंभरपटीहून अधिक लागे. त्याने पेशी पेटत नाहीत, पेटण्यास किंचित अधिक किंवा उणी तत्पर होतात. बोस्टन येथील संशोधकांनी २०१४ साली निरोगी तरुणांच्या कपाळाच्या डाव्या बाजूवर असा प्रवाह वीस मिनिटे दिला. त्यानंतर मनात वजाबाकी करीत उभे राहताना व चालताना होणारा बिघाड कमी झाला. २०१६ साली अशक्त वृद्धांवरही आशादायक परिणाम नोंदविले गेले.

तथापि हे सारे प्रयोग लहान संख्येवरचे आहेत, आणि सर्वत्र सारखे निष्कर्ष मिळालेले नाहीत. अशा प्रयोगांत काहींना लटका प्रवाह दिला जातो : प्रारंभी कातडीला मुंग्या येतात, मग यंत्र गुपचूप बंद होते. ही तुलना वगळून केलेला कोणताही दावा ग्राह्य धरू नये. घरी वापरण्याची यंत्रे विकत मिळतात. अपस्माराचा इतिहास असणाऱ्यांनी, अथवा ज्यांच्या डोक्यात धातूचे रोपण किंवा छातीत पेसमेकर आहे त्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याविना मुळीच लावू नयेत. आज तरी तोलासाठी नियमित व्यायामाचा आधार या यंत्रांहून कितीतरी भक्कम आहे.

उभे राहवत नसताना हट्टाने उभ्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ‘मूलाचारा’तील एक विभागणी घरात वाचून दाखवावी. तेथे कायोत्सर्गाचे चार प्रकार आहेत. शरीराने उभा पण ध्यान अशुभ, तो ‘उत्थित-निविष्ट’. बसलेला असूनही ज्याचे ध्यान शुभ, तो ‘उपविष्ट-उत्थित’, म्हणजे बसूनही उभाच. ज्यांना उभेच राहावयाचे आहे, त्यांच्यासाठी भिंतीलगतची जागा मोकळी ठेवावी, तेथे पुरेसा उजेड असावा, आणि डोळे पूर्ण न मिटता नासाग्र दृष्टी ठेवण्यास सांगावे.