बारावा महिना

सोलापुराहून विजयपुराकडे जातांना दक्षिण सोलापूर तालुक्यांत मंद्रूप लागतें. मराठीबरोबर कानडीहि तेथें कानीं पडते. अशा गांवच्या पदवीधरास 'अनुभव काय?' असें विचारतांच तो निरुत्तर होतो. आणि नोकरीवांचून अनुभव यावा तरी कोठून?

ही अडचण ओळखून महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. १८ ते ३५ वर्षांच्या उमेदवारानें कचेरींत वा कारखान्यांत सहा महिने काम शिकावयाचें; विद्यावेतन सरकारचें. बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आय. टी. आय. वा पदविका असलेल्यास ८,०००, पदवीधरास १०,००० रुपये. २०२५ मध्यें मुदत ११ महिन्यांची झाली.

बाराव्या महिन्याचें काय? नोकरीचा हक्क या योजनेंत नाहीं. तो मिळावा म्हणून प्रशिक्षणार्थ्यांनीं आंदोलनेंहि केलीं. श्रोत्यांस स्मरत असेल, याच राज्यानें १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें खेड्यांतील कुदळ धरणाऱ्या हातास काम मागण्याचा हक्क दिला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता. मंद्रूपचा पदवीधर त्या हक्कानें माती उपसण्याचें काम मागूं शकतो; लेखणीचें मात्र नाहीं.