बेटावरचे दुकान आणि आपल्या गल्लीतले दुकान

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





अशा समारंभात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी प्रथा आहे. परंतु ते तुम्हाला पटले नसते, तर सुट्टीचा दिवस मोडून तुम्ही चंदनसारपर्यंत आलाच नसता. म्हणून मी आज दुकानाविषयी बोलणार आहे. मी पुष्कळ वर्षे वाणिज्य शिकवले आणि त्याआधी अब्बांच्या किराणा दुकानात तागडी धरली, एवढाच माझा अधिकार.

प्रथम एका बेटाची गोष्ट. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर आहे, आणि त्याच्याही पूर्वेला हिंदी महासागरात मॉरिशस हे चिमुकले बेट आहे. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत आपल्या रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी मंडळे चालवतात. गुजरातेतले मेमन आणि सुरती मुसलमान व्यापारीही तेथे जाऊन स्थायिक झाले. हा देश १९६८ साली स्वतंत्र झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख ३७ हजार होती. आणि त्याच वर्षीच्या आपल्या जनगणनेत वसई-विरार शहराची? १२ लाख २२ हजार! स्वतःचा झेंडा, स्वतःचे नाणे आणि स्वतःचा पंतप्रधान असलेला एक सबंध देश, आणि आपली एक महानगरपालिका. माणसे जवळजवळ सारखीच.

त्या बेटावर गावोगाव छोटी दुकाने असत, बहुतेक चिनी दुकानदारांची. मळ्यावरचा मजूर महिनाभर तांदूळ, तेल, साबण उधार नेई, दुकानदार एका लहान वहीत मांडून ठेवी, आणि पगाराच्या दिवशी हिशेब होई. पुढे मोटारी आल्या, पगार वाढले आणि सुपरमार्केटच्या साखळ्या आल्या. त्यांपैकी ‘विनर्स’ ही एक मोठी साखळी तेथील आयबीएल या उद्योगसमूहाची आहे. याच समूहाचे जहाजवाहतुकीचे, मासळीप्रक्रियेचे आणि माल-वितरणाचेही धंदे आहेत. म्हणजे गोदामापासून फळीपर्यंतचा बराचसा प्रवास एकाच घराच्या अंगणातून! गावातली छोटी दुकाने एकेक करून मिटत गेली. जे बेट आपले बहुतांश अन्न बाहेरून आणते, तेथे दुकान कोणाच्या हाती आहे हा प्रश्न साधा राहत नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे तेथील सरकारने लहानमोठी सर्व दुकाने काही दिवस बंद ठेवली आणि एप्रिलच्या आरंभी सुपरमार्केटे उघडली, ती आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे वार ठरवून देऊन. तुमचे आडनाव ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत असेल तर सोमवार आणि गुरुवार. आपल्या शेख आणि सय्यद मंडळींना शनिवारपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी लागली असती.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बेटावर राहतो? जुने गॅझेटियर काढून पाहा. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि मधून गेलेली सोपाऱ्याची खाडी. जुनी वसई हे बेटच होते. आता खाडी बुजली आणि चर्चगेटची लोकल दारात आली. तरीही पैशाच्या दृष्टीने आपण अजून बेटकरीच आहोत. आपली कमाई बव्हंशी मुंबईहून लोकलने येते, आणि ती इथे किती हातांतून फिरते यावर इथल्या गल्ल्यांचे बरे-वाईट ठरते.

आपल्याकडे काय घडले? ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान २००२ साली पवईला निघाले. मार्च २०२५ अखेर देशभर ४१५ दुकाने झाली. आपला वसई-विरारचा पट्टाही त्यातून सुटला नाही. या कंपनीला शिव्या देणे सोपे आहे. मी विद्यार्थ्यांना सांगतो, आधी तिचा हिशेब वाचा; तो जाहीर असतो. जागा बहुतेक स्वतःच्या, म्हणून भाड्याची टांगती तलवार नाही. माल देणाऱ्याचे पैसे चटकन चुकते, म्हणून त्याच्याकडून भावात सूट. शंभर रुपयांच्या विक्रीत मालाची खरेदी वजा जाता सुमारे पंधरा रुपये उरतात, आणि सगळा खर्च-कर जाऊन निव्वळ नफा पाच रुपयांहूनही थोडा कमी. यात जादू काही नाही. रोख पैसा आणि काटेकोर हिशेब, एवढेच.

आणि समोर बसलेल्या माताभगिनींनो, तुम्ही तिथे जाता याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. महिन्याच्या सामानात चार पैसे वाचले तर त्यातून मुलीची शिकवणीची फी निघते. तिथे बिलाच्या खिडकीवर बसलेल्या मुलीचा पगार बँकेत जमा होतो, तिचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो. आमच्या दुकानातल्या पोऱ्याला अब्बांनी ईदला कपडे दिले, पण फंड कधी दिला नाही, हेही खरे आहे.

आता आपल्या दुकानदाराचा हिशेब मांडू. समजा, महिन्याची विक्री तीन लाख, त्यावर दहा टक्के म्हणजे तीस हजार सुटतात. भाडे बारा हजार, वीज तीन हजार, पोऱ्याचा पगार आठ हजार, एकूण तेवीस. घरी सात हजार गेले. गिऱ्हाइकीचा फक्त पाचवा हिस्सा मोठ्या दुकानाकडे वळला, तर विक्री दोन लाख चाळीस हजार, आणि सुटले चोवीस हजार. भाडे कमी झाले का? वीज कमी झाली का? नाही. घरी गेला एक हजार! पाचवा हिस्सा गिऱ्हाईक गेले आणि सातातले सहा भाग उत्पन्न गेले. शिवाय जे जाते ते रोखीचे गिऱ्हाईक. उधारीचे आपल्याकडेच राहते.

मग हा दुकानदार काय करतो? तो पोऱ्याला रजा देतो, आणि त्या जागी दहावीतल्या, अकरावीतल्या आपल्या मुलाला बसवतो. आठ हजार वाचले. मोठ्या दुकानाची खरी किंमत आपल्या समाजात अशा रीतीने वसूल होते. वर्गातून नाहीसा झालेला मुलगा शोधायला मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तो बहुधा एखाद्या गल्ल्यामागे सापडला. हुशार मुले होती हो. तोंडी हिशेब माझ्यापेक्षा चपळ.

उधारीविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या गल्लीतही गिरणीत जाणारी माणसे होती. अब्बांच्या लाल चोपडीत त्यांची पाने महिनोन् महिने लांबत गेली. घाऊक व्यापाऱ्याचा तगादा आला तेव्हा अम्मीच्या दोन बांगड्या गेल्या. त्या उधारीतली काही चार-पाच वर्षांनी फिटली, काही कधीच फिटली नाही. व्याज अब्बांनी एक पैसा घेतले नाही. पण खरे सांगायचे तर, उधारीचे गिऱ्हाईक भाव विचारत नसे, त्याला तशी सोयच नसे, आणि रोखीवाल्यापेक्षा त्याला माल थोडा महागच पडे. मोठ्या दुकानात संपवाल्याला सहा महिने पीठ मिळणार नाही, आणि रोखीवाल्याला महाग माल मिळणार नाही. दोन्ही गोष्टी एका दुकानाला जमत नाहीत, असे दिसते.

गेल्या वर्षीची आपली स्मरणिका हाती घ्या. लेख राहू द्या, मागची जाहिरातींची पाने उलटा. किराणा, चक्की, बेकरी, शिंपी, सायकलवाला. त्या पानांच्या पैशांतून छपाई भागते आणि होतकरू विद्यार्थ्यांच्या वह्यापुस्तकांना हातभार लागतो. ही माणसे जाहिरात देतात ती गिऱ्हाईक वाढावे म्हणून नव्हे; संस्थेचा माणूस दारात आला, त्याला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, म्हणून देतात.

मोठी कंपनी देणारच नाही असे मात्र नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार पाच कोटी किंवा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. शिक्षण हा विषय त्यात बसतो, आणि जिथे कंपनीचे काम चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. पण त्यासाठी दारात जाऊन भागत नाही. नोंदणीचे कागद, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, आराखडा, आणि तो नीट भाषेत लिहिणारा माणूस लागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनो, हे काम यंदा तुम्ही शिक्षकांसोबत बसून करा.

आणि दुकानदार बंधूंनो, एकेकट्याने घाऊक बाजारात गेल्यास एकेकट्याचाच भाव मिळतो. हॉलंडमध्ये १९३२ साली एका घाऊक व्यापाऱ्याने स्वतंत्र छोट्या दुकानदारांना एकत्र आणून ‘स्पार’ ही साखळी उभी केली. दुकान ज्याचे त्याचे, खरेदी सर्वांची मिळून. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून गिऱ्हाइकांच्या बाजूने तेच केले: शेजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याचे सामान एकदम मागवतात. कोपरी, फुलपाडा, मनवेलपाडा आणि चंदनसार मिळून दहा दुकानदारांनी तांदूळ, तूरडाळ, साखर आणि तेल या चारच वस्तू एकत्र घेतल्या, तरी टेम्पोचे भाडे वाटले जाईल आणि पैसे रोख मोजता आले तर भावही उतरेल. तो फरक पोऱ्याच्या पगाराएवढा होईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. तीन महिने करून पाहावे लागेल.

मी एक कोरी वही आणली आहे. जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत मी दाराजवळच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांना या खरेदीत यायचे आहे त्यांनी दुकानाचे नाव, या चार वस्तूंची महिन्याची खपत आणि घरात शाळेत जाणारी मुले किती, एवढे लिहून जावे.