ठेंगणा घोडा आणि जुना घोडेवाला



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना म्हटले, की माझा विषय फार थोड्यांच्या उपयोगाचा आहे. घोडा बाळगणारे आता उरले किती, आणि त्यांतून कमरेइतक्या उंचीचा घोडा बाळगणारे किती? त्यावर चालक म्हणाले, "लोक सुटीत लवासा पाहायला जातात आणि परत आल्यावर तुमच्या त्या बुटक्या घोड्याबद्दल आम्हांला विचारतात. एकदा तुम्हीच येऊन सगळे सांगून टाका." म्हणून मी उभा आहे. पण आरंभीच एक कबुली देतो. हे व्याख्यान यशाचे नाही. तीस वर्षे घोडे सांभाळलेल्या माणसाने ठेंगणा घोडा दारी बांधला आणि तो पुष्कळ चुकला, त्याची ही हकीकत आहे.

आमचे घराणे मूळचे भीमा नदीच्या काठचे. आजोबांच्या दारी भीमथडीचे तट्टू होते. मराठी राज्यात दौडलेली ती तट्टे. अलीकडे धनगरांच्या वाड्याबरोबर संसार पाठीवर घेऊन चालत, एवढाच त्यांचा मान उरला होता. 2023 साली मात्र त्यांचे दैव उघडले. त्या वर्षी ज्या गीताला राज्यगीताचा मान मिळाला त्यात त्यांचे नाव आहेच, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी मान्य झाली. आपल्या भाषेने मात्र तट्टाला न्याय दिला नाही. 'भाडोत्री तट्टू' म्हटले की शिवीच होते.

परंतु तट्टू वेगळे आणि आजचा माझा ठेंगणा घोडा वेगळा, हा भेद आधी ध्यानात घ्यावा. भीमथडीचे तट्टू खांद्याशी साधारण एकशेतीस सेंटिमीटर भरते. त्यावर मोठा माणूस बसतो. इंग्रजीत ज्याला मिनिएचर हॉर्स म्हणतात तो अमेरिकेतल्या संस्थेच्या नियमाप्रमाणे चौतीस इंचांच्या वर जाता कामा नये, आणि हे माप आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथे घ्यायचे. म्हणजे शहाऐंशी सेंटिमीटर. अर्जेंटिनात फालाबेला नावाच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या निवड करीत असे घोडे तयार केले, त्यांना त्या घराण्याचेच नाव पडले. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटे आहेत, तिथले तट्टूही बुटके. इंग्लंडात 1842 च्या कायद्याने लहान मुलांना कोळशाच्या खाणीत उतरवायची बंदी झाली, तेव्हा त्यांच्या जागी गाड्या ओढायला ही तट्टे खाली गेली. आज लोक ज्याला खेळणे समजतात त्याच्या पूर्वजांनी जन्म अंधारात काढला आहे.

आता माझ्याकडे वळतो. काठेवाडी आणि मारवाडी घोडे मी बरीच वर्षे ठेवले. गुडघे दुखू लागले, रिकिबीत पाय टाकताना कुणाचा तरी खांदा लागू लागला, तेव्हा मोठे घोडे एकेक करून दिले. दासव्याच्या अलीकडे मोसे नदीच्या खोऱ्यात थोडी जमीन होती, तिथे राहायला गेलो. वाटले, बसता येत नाही तर निदान खरारा करायला काही तरी दारी असावे. एवढीशी जनावरे, त्यांना लागणार ते काय! हा 'त्यांना लागणार ते काय' हा विचार जुन्या घोडेवाल्याच्या डोक्यात हमखास येतो. नवखा माणूस निदान भितो, विचारतो. आम्ही विचारीत नाही.

पहिला सौदागर भेटला त्याने मला सव्वीस इंचांचे एक जनावर दाखवले आणि "पूर्ण वाढीचे आहे" म्हणून शपथ घेतली. मी तोंड उघडून पाहिले. समोरचे सगळे दात दुधाचे. घोड्याचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, मग त्यांच्या बाजूचे, मग कडेचे, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास तोंड भरते. हे पोर वर्षाचेही नव्हते; साध्या तट्टाचे, आईपासून लवकर तोडलेले, खायला न घालता खुजे राखलेले शिंगरू होते. इथे माझा अनुभव कामी आला. आपल्याकडे खरे मिनिएचर थोडे आणि त्या नावाने विकली जाणारी उपाशी शिंगरे पुष्कळ, म्हणून दात पाहिल्याशिवाय पैसा काढू नये. दुसरे असे, की फार बुटके तेवढे फार मोलाचे ही समजूत सोडावी. कपाळ पुढे आलेले, खालचा जबडा बाहेर, पाय वाकडे, पोट सुटलेले, असे जनावर दिसले तर ती जात नव्हे, व्यंग आहे. त्या बिचाऱ्याला जन्मभर सांध्यांचा आणि श्वासाचा त्रास होतो.

पुढे एका जाणत्या गृहस्थाकडून मला जोडी मिळाली. घोडी सहा वर्षांची, तिचे नाव मैना. घोडा खच्ची केलेला, त्याचे नाव राघू. आंडील घोडा घेऊ नका, हे मी मुद्दाम सांगतो. तेहतीस इंचांचा झाला तरी घोडी दिसली की त्याचे मन सतरा मुठींच्या घोड्याचे होते. आणि पैदाशीच्या नादाला तर आरंभी मुळीच लागू नये. या जातीत घोडी अडण्याचे प्रमाण मोठे, पोटातल्या शिंगराचे डोके आईच्या मानाने थोर. रात्री दोन वाजता घोडी अडली तर ताम्हिणीकडून येणाऱ्या धुक्यात, टेमघरचा घाट चढून पुण्याचा डॉक्टर केव्हा पोहोचणार?

पागा माझी जुनीच होती. राघू आणि मैना आत गेली आणि अदृश्य झाली. दार छातीएवढे, माणसाच्या छातीएवढे! मोठा घोडा त्यावरून मान बाहेर काढून दिवसभर रस्ता पाहतो. ही दोघे फळीकडे तोंड करून उभी. चार दिवस मला वाटले, स्वभाव घुमा आहे. मग गड्याच्या सात वर्षांच्या मुलीने सांगितले, "आजोबा, त्यांना काही दिसत नाही." दार कापले. पाण्याचे टाके खाली घेतले. कुंपणाच्या खालच्या दोन तारांमधून राघू शेळीसारखा सरकून जाई, तिथे जाळी बसवली. ही जाळी त्याला आत ठेवण्यापेक्षा दुसऱ्यांना बाहेर ठेवण्यासाठी जास्त लागते. मोठा घोडा मोकाट कुत्र्यांच्या टोळीला लाथेने वाटेला लावतो. ठेंगण्या घोड्याचा गळाच कुत्र्याच्या तोंडाशी येतो. आणि मुळशीत बिबट्या आहे. तेव्हा रात्री वरून झाकलेला, बंद गोठा हवाच.

आता मुख्य गोष्ट, चंदीची. आमच्या पिढीला घोड्याच्या चंदीचे माप हाताने ठाऊक असते. भिजवलेला हरभरा इतका, कोंडा इतका, तोबरा इथवर भरला की झाले. साडेचारशे किलोच्या जनावराचे माप हाताला बसलेले. राघू भरतो नव्वद-ब्याण्णव किलो, म्हणजे वाण्याकडचे एक पोते. त्याला दिवसाला दीड-पावणेदोन किलो सुके गवत पुरते, आणि दाण्याची बहुधा गरजच नसते. ओंजळभर हरभरा ही आपल्याला माया वाटते. त्याच्या अंगाला तो शिक्षा आहे, कारण ही जात उजाड बेटावर, काट्याकुट्यावर तग धरण्यासाठी घडली. मिळेल त्याची चरबी करून ठेवायची एवढेच तिला कळते.

मी दोघांना पावसाळ्यानंतर मोकळे सोडले. आपण कुणी सप्टेंबरात मोसे खोऱ्यात आला असाल तर तिथले गवत पाहिले असेल. मी पाहुण्यांना कौतुकाने दाखवी, "पाहा, कशी गोंडस झाली आहेत!" मैनेच्या मानेवरची कमान जाड आणि टणक झाली, पाठीवर मधोमध पन्हळ पडली. मोठ्या घोड्याला अशी मांद आली असती तर मी दोन कोस जास्त फिरवले असते. हिला फिरवणार कोण? मग एका सकाळी ती पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभी राहिली. खुरांना हात लावला तर गरम. खुरांचा दाह, ज्याला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे पदर सुजतात, आणि वेळीच आवरले नाही तर हाड आतल्या आत फिरते.

इथपर्यंतची चूक पुष्कळांची होते. पुढची माझी स्वतःची. डॉक्टरांना फोन करण्याऐवजी मी जुने शहाणपण चालवले. लंघन हे परम औषध, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मी मैनेला बांधले, चरणे बंद, चंदी बंद, दिवसाला मूठभर कडबा. गडी म्हणाला, "मालक, फारच कमी होतंय." मी त्याला गप्प केले. तीन दिवस तिने कुरकुर केली, चौथ्या दिवशी कुरकुर थांबली. मला वाटले, गुण आला. पाचव्या दिवशी कडब्याला तोंड लावीना, मान खाली घालून उभी. तेव्हा डॉक्टरांना बोलावले. त्यांनी रक्त काढून नळी उभी धरली. थोड्या वेळाने रक्त खाली बसले आणि वर जो पिवळसर, स्वच्छ थर दिसायचा तो दुधासारखा पांढुरका दिसला. ती चरबी होती. लठ्ठ ठेंगण्या घोड्याचे अन्न एकदम तोडले, की शरीर साठवलेली चरबी इतकी भराभर रक्तात सोडते की यकृताला ती आवरत नाही. यकृतच चरबीने भरते आणि जनावर खाणे सोडते. न खाल्ल्याने आणखी चरबी सुटते. असे हे चक्र आहे. त्याचे नाव हायपरलिपिमिया. तट्टे, गाढवे आणि हे मिनिएचर यांच्यातच ते मुख्यतः आढळते, गाभण घोडीत तर फार. माझ्या सगळ्या मोठ्या घोड्यांत मी ते कधी पाहिले नव्हते. शिरेतून साखरेचे पाणी दिले, नाकातून नळी घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे मैना गेली.

डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "फोन का नाही केला?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

तेव्हा वजन उतरवायचे ते महिन्या-महिन्याने. उपाशी ठेवून नव्हे, तर गवत मोजून, शक्यतो थोडे थोडे, बारीक भोकांच्या जाळीतून द्यायचे, म्हणजे खायला वेळ लागतो. आणि खाणे अर्धा दिवस जरी सुटले तरी डॉक्टरला कळवायचे. वजन डोळ्यांनी ठरवू नये. केसांखाली बरगड्या बोटांनी चाचपाव्यात. छातीचा घेर मोजून वजन काढण्याची जी रीत मोठ्या घोड्याला चालते ती इथे चुकते. मी राघूला महिन्यातून एकदा धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभा करतो. पहिल्या दिवशी दुकानदार हसला. आता तोच तारीख लिहून ठेवतो.

वजन कळले म्हणजे औषधाचेही सुधारते. जंताच्या औषधाची नळी मोठ्या घोड्याच्या बेताने भरलेली असते. अंदाजाने दाबली तर कुठे जास्त, कुठे कमी. जास्त झाल्यास काही औषधे विषासारखी बाधतात, कमी झाल्यास जंत औषधाला सरावतात. दातांचेही असेच. दात मोठ्या घोड्याइतकेच, जबडा मात्र वीतभर. गर्दी होते, वाकडे उगवतात, टोके गालाला लागतात. वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावेच. नालांची गरज नसते, पण सहा-आठ आठवड्यांनी खूर कापावे लागतात. आमचा नालबंद पहिल्या दिवशी कंबर धरून उठला आणि म्हणाला, "एवढ्या पैशात मी चार मोठे करीन." आता तो चक्क पाट घेऊन बसतो.

आमच्याकडच्या पावसाबद्दल मुळशीकरांना सांगायला नको. चार महिने जमीन कोरडी अशी मिळत नाही. खुराच्या तळव्यातल्या खाचेत काळी, घाणेरड्या वासाची कूज धरते, पाठीवर खपल्या येतात. मोठ्या घोड्याचे पोट चिखलापासून लांब असते, याचे पोट चिखलातच. उंच ओटा, वर पत्रा, आणि रोज खूर उकरणे, याखेरीज मला उपाय सापडलेला नाही. पावसाळ्यानंतर घोडमाश्या येतात, त्यांच्यापासून सर्रा होतो. ताप चढ-उतार करू लागला की रक्त तपासावे. तिथे लहान-मोठा हा भेद नाही.

रविवारी पुण्याकडच्या गाड्या फाटकाशी थांबतात. "आमच्या बाळाला एक चक्कर द्या, पैसे देतो." मी नाही म्हणतो आणि लोकांना राग येतो. हिशेब सांगतो. जनावराने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाठीवर घेऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. नव्वद किलोचा पाचवा हिस्सा अठरा. त्यात खोगीर आले. म्हणजे चार वर्षांचे, तेही हडकुळे मूल. तो हलकी दोन चाकांची गाडी मात्र सपाट रस्त्यावर आनंदाने ओढतो, आणि तेच त्याचे खरे काम. हात-पाय हालतात, मांद झडते. पण घाटाच्या उतारावर गाडी मागून ढकलते, तिथे मी ती जुंपत नाही. आणि चावला तर "अय्या, किती गोड" म्हणू नये. मोठ्या घोड्याने जे केले तर आपण खपवून घेणार नाही, ते यालाही करू देऊ नये. नाहीतर वर्षभरात तो घरातल्या मुलांना कोपऱ्यात गाठतो.

मैना गेल्यावर राघू आठ दिवस फाटकाकडे तोंड करून ओरडत असे. घोड्याला एकटे ठेवू नये हे मला पूर्वीपासून ठाऊक होते. एका मित्राने आपली मारवाडी घोडी सोबतीला देऊ केली. तिची सहज झाडलेली लाथ याच्या कपाळावर बसेल म्हणून मी नको म्हटले. गड्याने आपली शेळी आणून बांधली. दोघांचे बरे जमले. पुढे दीड वर्षाने त्याच गृहस्थांकडून दुसरा खच्ची घोडा मिळाला. शेळी मात्र परत गेली नाही. राघूला मी आता सकाळी दासव्याच्या बाजूला गाडी जोडून नेतो आणि गवत गडी मोजतो. माझ्या हाताला अजून जुनेच माप बसलेले आहे, म्हणून ते काम मी त्याच्याकडेच ठेवले आहे. गेल्या एक तारखेला राघू काट्यावर एक्याण्णव किलो भरला.

माझा वेळ संपला आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर अध्यक्षांच्या परवानगीने मी थांबतो.