धुराची वाट : फुप्फुसांपासून हृदयापर्यंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरंभीच एक खुलासा करणे अगत्याचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्याची तीस वर्षे फायलींत घालविलेले आम्ही एक सामान्य अधिकारी. तेव्हा फुप्फुसे आणि हृदय यांच्या संबंधावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आमचा अधिकार एवढाच की, हा संबंध आम्हांस आमच्या घरात, आमच्या आईच्या आजारपणात, आणि फार उशिरा कळला. तो आपणांपैकी कोणास वेळेवर कळावा, या एकाच हेतूने आम्ही चिटणिसांचे निमंत्रण स्वीकारले.

आमची आई १९६६ साली लग्न होऊन सातारा जिल्ह्यातून थेट दिल्लीच्या सरकारी क्वार्टरात आली. गॅसचा नंबर लागण्यासाठी त्या काळी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्याकडे गॅस आला तो १९८१ साली. तोवर सारा स्वयंपाक कोळशाच्या अंगीठीवर आणि रॉकेलच्या स्टोव्हवर होई. अंगीठी पेटवून आधी व्हरांड्यात ठेवायची आणि धूर निवला की आत घ्यायची, असा शिरस्ता होता. परंतु पौष-माघाच्या थंडीत ती आत येई ती रात्रभर आतच राही. दारे-खिडक्या लावून आम्ही भावंडे तिच्याभोवती बसत असू. त्या उबेची आठवण आजही गोड वाटते. तिची किंमत कोणी मोजली, हे मात्र आम्हांस पुढे कळले.

आपल्या मंडळाच्या पहिल्या काही गणेशोत्सवांची छायाचित्रे या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने बाहेर लावलेली आहेत. त्यांत खुर्च्यांवर बसलेले संस्थापक दिसतात, आरास दिसते, बालगोपाळ दिसतात. आमची आई आणि तिच्या मैत्रिणी त्यांत फारशा दिसत नाहीत, कारण त्या वेळी त्या आतल्या बाजूस पाच-सहा स्टोव्ह मांडून शेकडो मोदक उकडीत होत्या.

चाळिशी उलटल्यावर आईस दर हिवाळ्यात खोकला येऊ लागला. पन्नाशीत जिना चढताना धाप लागू लागली. घरात सर्वांनी मिळून निदान केले : दमा. दवाखान्यातूनही खोकल्याचे औषध मिळे, थंडी ओसरली की खोकला ओसरे आणि आम्ही विसरून जात असू. आईने जन्मात कधी विडी-सिगारेटला हात लावला नव्हता; तेव्हा फुप्फुसाचा गंभीर रोग तिला होईल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. २००३ साली तिचे पाय सुजू लागले. घोट्यापाशी बोट दाबले तर खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. आम्ही म्हणालो, "वय झाले, उभे राहणे कमी कर." दोन वर्षे अशीच गेली. अखेर एका रात्री ओठ निळसर पडले, तेव्हा तिला रुग्णालयात नेले.

तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलेला पहिला प्रश्न आम्ही कधी विसरणार नाही. त्यांनी विचारले, "माताजी, आपण स्वयंपाक कशावर करीत होता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हांस कोणीही विचारला नव्हता, आणि आम्हीही तो स्वतःस विचारला नव्हता. इको तपासणीत हृदयाची उजवी बाजू ताणून मोठी झालेली आढळली. आजार फुप्फुसांत सुरू झाला होता आणि हृदयापर्यंत पोहोचला होता.

हे कसे घडते, ते आम्हांस जसे समजले तसे सांगतो. हृदय हा एक पंप आहे असे आपण शाळेत शिकलो. वस्तुतः ते एकाच भिंतीला पाठ लावून बसलेले दोन पंप आहेत. डावा पंप साऱ्या शरीरात रक्त ढकलतो. उजवा पंप शरीरातून परतलेले रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांत पाठवितो. माणूस स्वस्थ बसलेला असताना प्रत्येक पंपातून मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त जाते. काम तेवढेच, पण श्रम निराळे. शरीराच्या मुख्य रोहिणीतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर असतो, तर फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीतील दाब सुमारे १५ मिलिमीटर. म्हणून निसर्गाने उजव्या पंपाची भिंत पातळ ठेवली आहे.

वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका सुजून अरुंद होतात, कफ साठतो, वायुकोशांच्या नाजूक भिंती झिजतात. या जुनाट विकारास आज सीओपीडी म्हणतात. आता फुप्फुसांना एक उपजत सवय आहे. ज्या भागात प्राणवायू कमी पोहोचतो, तेथील बारीक रक्तवाहिन्या आपोआप आकसतात, जेणेकरून रक्त निरोगी भागाकडे वळावे. फुप्फुसाचा एखादाच कोपरा बिघडला असेल तर ही योजना उपकारक ठरते. परंतु संपूर्ण फुप्फुसच प्राणवायूला मुकले, तर सर्वत्र वाहिन्या आकसतात, कालांतराने त्यांच्या भिंती जाड होतात आणि तेथला दाब कायमचा चढतो. पातळ भिंतीच्या उजव्या पंपास हे ओझे प्रत्येक ठोक्याला, म्हणजे दिवसातून सुमारे लाख वेळा उचलावे लागते. तो आधी जाड होतो, मग ताणला जातो, शेवटी थकतो. आमच्या सरकारी भाषेत सांगायचे तर, पुढच्या विभागाने फायली घेणे मंद केले की मागच्या टेबलांवर ढीग साचतो. तसे रक्त मागे तुंबते : मानेच्या नीला फुगतात, यकृत सुजते, पायांवर सूज येते. डॉक्टर मंडळी या अवस्थेस कॉर पल्मोनाले म्हणतात. आईच्या घोट्यावरचा खळगा वयाचा नव्हता. तो थकलेल्या हृदयाने पाठविलेला अर्ज होता आणि आम्ही तो दोन वर्षे दाबून ठेवला होता.

अधिक खेदाची गोष्ट अशी की, ही विद्या आमच्याच शहरात फार पूर्वी उजेडात आली होती. भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून ज्या ओळखल्या जातात, त्या डॉ. एस. पद्मावती १९५३ साली दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. दिल्लीतील कॉर पल्मोनालेच्या १२७ रुग्णांचा त्यांनी सहकाऱ्यासह केलेला अभ्यास १९५९ साली 'सर्क्युलेशन' या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य देशांत हा विकार प्रामुख्याने पुरुषांचा मानला जाई. दिल्लीत मात्र धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियाही त्यास मोठ्या संख्येने बळी पडत होत्या. चुलीचा धूर आणि छातीचे वारंवार होणारे संसर्ग यांकडे त्या अभ्यासाने बोट दाखविले. म्हणजे आमची आई दिल्लीत पाऊल टाकण्यापूर्वी सात वर्षे तिच्या आजाराचे कारण छापून आले होते. ज्ञान होते, ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले नाही. डॉ. पद्मावती २०२० साली वयाच्या १०३ व्या वर्षी कोविडने निवर्तल्या.

फुप्फुस आणि हृदय यांचे नाते केवळ उजव्या बाजूपुरते नाही. धुरातील अतिसूक्ष्म कणांमुळे आणि फुप्फुसांतील सततच्या दाहामुळे हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्याही बिघडतात. म्हणून सीओपीडीच्या रुग्णांत हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा अधिक आढळतो. साध्या फ्लूचेच पाहा. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे सहापट वाढल्याचे दिसले. उलट, हृदयाची डावी बाजू दुबळी झाली तर पाणी फुप्फुसांत साचते आणि रात्री आडवे होताच धाप लागते. तोही पुष्कळदा दमाच समजला जातो. सारांश, धाप ही एकाच दाराची घंटा नव्हे. ती वाजली की दोन्ही दारे उघडून पाहावी लागतात.

आईच्या पुढील उपचारात प्राणवायूचे यंत्र घरी आले. रक्तातील प्राणवायू फार घटलेल्या अशा रुग्णांना दिवसातून पंधरा तासांहून अधिक काळ प्राणवायू दिल्यास आयुष्य वाढते, हे अमेरिका व ब्रिटन येथील १९८० आणि १९८१ सालच्या प्रयोगांनी सिद्ध केलेले आहे. नाकात नळी घालून ती गहू निवडी, मंडळाच्या हळदीकुंकवाची यादी करी. प्राणवायूचे प्रमाण डॉक्टरांनी सांगितले त्याहून अधिक करू नये, तेही घातक ठरते, हे आम्हांस बजावले होते. ती आणखी चार वर्षे जगली आणि २००९ साली गेली. ती चार वर्षे आम्ही उपकाराने स्मरतो. परंतु १९९० च्या सुमारास निदान झाले असते तर किती वर्षे मिळाली असती, हा हिशेब मनातून जात नाही.

आता प्रस्तुत काळाकडे वळू. अंगीठी घरातून गेली, पण धूर गेला नाही. दिल्लीच्या हवेतील सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी आपल्याच देशाच्या मानकाच्या दुपटीहून अधिक राहत आली आहे, आणि कार्तिकात तर शहरावर धुरक्याचे छत पसरते. तेव्हा काही विनंत्या करतो. घरात कोणास सतत खोकला किंवा धाप असेल, तर 'दमा' म्हणून थांबू नका. फुंकर मारून करावयाची स्पायरोमेट्री आणि हृदयाचा इको, या दोन्ही तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचारा. आई, आजी, सासूबाई कोणत्या चुलीवर राबल्या, ते न विचारताही सांगा. विडी-सिगारेट सोडणे हे कोणत्याही वयात लाभाचे आहे. वयस्करांनी फ्लूची लस दर वर्षी, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. हृदयाचे औषध फुप्फुसांना बाधेल या भीतीने परस्पर बंद करू नये. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधांची यादी दाखवावी. धुरक्याच्या दिवसांत पहाटेच्या फेरफटक्याचा हट्ट सोडावा.

मंडळास दोन सूचना. दिवाळी पहाटचा कार्यक्रम यापुढे मैदानाऐवजी सभागृहात घ्यावा. आणि उत्सवाच्या स्वयंपाकघरात धूर ओढून घेणारे मोठे पंखे बसवावेत. ती वर्गणी आम्ही आमच्या आईच्या नावे देऊ इच्छितो.

शेवटची विनंती आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंविषयी. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, अनेक झोपड्यांत सिलिंडर पोहोचला. तरी तो पुन्हा भरण्यास पैसे नसले की लाकूड आणि गोवऱ्या पेटतात. आपण त्यांस एकदा विचारावे : बाई, स्वयंपाक कशावर करता? हा प्रश्न आमच्या आईस कोणी वेळेवर विचारला नाही. तो आपण विचारावा आणि उत्तर ऐकून जमेल ती मदत करावी, तर आमचे आजचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही मानू.