शहापूर-मुरबाडमधील कृषी उद्योजकता



शेतकरी आणि कृषी उद्योजक यांच्यातील फरक जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरत नाही. माल कोणत्या रूपात, केव्हा आणि कोणाला विकायचा याचा निर्णय ज्याच्या हाती राहतो तो उद्योजक. ज्याचा माल खळ्यावरूनच दुसऱ्याने सांगितलेल्या भावाने उचलला जातो, त्याच्या नावावर दहा एकरांचा सातबारा असला तरी तो उद्योजक ठरत नाही. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत ही व्याख्या नुसती पुस्तकी राहत नाही, कारण अलीकडच्या काळात येथे सर्वाधिक चर्चा झालेला वनोपजाचा उद्योग ज्या कातकरी समाजातील तरुणांनी उभा केला, त्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांकडे स्वतःची जमीनच नाही.

हा उद्योग गुळवेलीचा आहे. रानातून गुळवेल आणून कच्ची विकली तर ती मातीमोल भावाने जाते. तीच वेल कापून, तिचे तुकडे करून, आठ-दहा दिवस वाळवून, दळून, पाकिटात भरून विकली की ग्राहक बदलतो आणि भावही बदलतो. या प्रक्रियेला मूल्यवर्धन म्हणतात, म्हणजे मालाचे रूप पालटून त्याची किंमत उत्पादकाच्याच दारात वाढवणे. शहापूरच्या या गटाला केंद्र सरकारच्या वनधन योजनेचा आधार मिळाला. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत सुमारे ३०० वनोपज-संग्राहकांचे एक केंद्र धरले जाते आणि त्याला प्रशिक्षण, साधने व खेळते भांडवल पुरवले जाते. करोनाकाळात गुळवेलीची मागणी वाढली, तेव्हा शहापूरच्या केंद्राकडे आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या कंपन्यांकडून सुमारे ४५० टनांची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आल्याचे शासनाने जाहीर केले. आकडा डोळे दिपवणारा असला तरी स्नातकांनी त्याचा भागाकार करून पाहावा: किलोमागे साधारण ३५ रुपये पडतात, आणि त्यातूनच तोडणी, वाळवणी, वाहतूक आणि शेकडो हातांची मजुरी निघायची असते. खरी परीक्षा पुढे असते. मागणी ओसरल्यावर खप टिकवणे, आणि वेल मुळासकट न उपटता बुंधा राखून कापण्याची शिस्त प्रत्येक संग्राहकाच्या अंगवळणी पाडणे, या दोन गोष्टींवर असा उद्योग तगतो. या मालावर संग्राहकांचा कायदेशीर हक्कही आहे. लाकूड वगळता बांबू, मध, डिंक, औषधी वनस्पती यांसारखे जे गौण वनोपज, त्याची मालकी आणि विक्रीचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना व पारंपरिक वननिवासींना दिला आहे.

शेतीचे चित्र वेगळे आहे. तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही विसंगती सर्वपरिचित आहे आणि ती एका पिढीत सुटेल असे दिसत नाही. धो धो पावसावर भाताचे एक पीक, आणि दिवाळीनंतर बहुतेक खाचरे मोकळी, हा येथला क्रम आहे. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातील नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी आणि लावणी टाळून कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकला जातो, त्यामुळे मजुरी वाचते आणि भात निघताच त्याच वाफ्यावर उरलेल्या ओलीत वाल, हरभरा किंवा मूग घेता येतो. तणनाशकावरील अवलंबन हा त्या तंत्राचा आक्षेपार्ह भाग आहे, तो दृष्टीआड करू नये.

जेथे विहीर किंवा कालवा आहे तेथे भेंडी होते आणि ती परदेशीही जाते. निर्यातीची भेंडी कोवळी, एकसारख्या लांबीची लागते, म्हणून तोडणी जवळजवळ रोज आणि सकाळीच करावी लागते. एका दिवसाचा खाडा पडला तर फळ जून होऊन तोच माल स्थानिक बाजारात पडेल त्या भावाने द्यावा लागतो. शिवाय युरोपात भारतीय भेंडीतील कीटकनाशकांचे अंश काटेकोरपणे तपासले जातात, म्हणून फवारणीची नोंदवही हीच येथे पतपत्रिका ठरते. कृषी पदवीधराचे ज्ञान या वहीत खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

मृगाच्या सुमारास कल्याण-ठाण्याच्या रस्त्यांवर शेवळे या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या आदिवासी स्त्रिया सोबत काकडाची फळेही ठेवतात, कारण त्याशिवाय शेवळांची खाज मरत नाही. भाजी आणि तिचा उतारा एकत्र विकण्याचा हा व्यवहार कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला साजेसा आहे. उणीव आहे ती सावलीची, साठवणीची आणि नियमित गिऱ्हाइकांची. फळे व भाजीपाला २०१६ साली राज्यात बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यापासून हा माल थेट शहरातील गृहसंकुलांत विकण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाही.

एकट्याने ही प्रक्रिया आणि विक्री जमणे कठीण. किमान दहा उत्पादकांना एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन करता येते, म्हणजे जिचे सभासद स्वतः उत्पादकच असतात अशी कंपनी. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या प्रधानमंत्री योजनेत वैयक्तिक प्रकल्पाला ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदान आहे. मात्र अनुदानासाठी उद्योग काढणाऱ्यांची यंत्रे बहुधा धूळ खात पडतात.

जोखमीबद्दल बोलल्याविना हा विषय पुरा होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातील सुमारे २५ हजार कोंबड्या नष्ट करण्याचे आदेश निघाले. करारावरील कुक्कुटपालनात पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे, तर शेड, वीज, पाणी आणि राबणे शेतकऱ्याचे असते. प्रत्येक तुकडीमागे हाती काही पडते हे खरे, पण वर दिलेल्या व्याख्येत तो शेतकरी उद्योजक ठरत नाही.

७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो, त्यामुळे बाजार जवळ आला आहे आणि फार्महाऊससाठी जमीन मागणारेही. आज पदवी घेणाऱ्यांनी वडिलोपार्जित तुकडा विकण्याआधी आणि कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी एका हंगामात पहाटे कल्याणच्या बाजार समितीत उभे राहावे, आपल्या गावच्या मालाची पट्टी मागून घ्यावी, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती किती उरले हे स्वतः मांडून पाहावे.