आपल्या गावाजवळची पाखरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण "तुम्हाला पाखरांचे वेड, त्यावरच बोला," अशी बाईंची आज्ञा झाली, म्हणून उभी राहिले आहे.

पाखरे पाहायला लांब जावे लागते, असे पुष्कळजणींना वाटते. लोणारला अवश्य जावे. तेथील सरोवराला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले, म्हणजे जगातल्या मोलाच्या पाणथळ जागांत आपल्या जिल्ह्याचे नाव लागले. ज्ञानगंगा अभयारण्यही चांगले. पण तिथे गाडी आणि पुरुषमाणूस दोन्ही लागतात, आणि ती दोन्ही एकदम मोकळी कधी सापडतात?

म्हणून माझी आवडती जागा येळगावचे धरण. बुलढाण्याची एस.टी. धरली की वाटेतच उतरता येते. थंडीत पैनगंगेच्या त्या पाण्यावर वारकरी दिसतात. अंग काळे आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव. चक्रवाक हिमालयाकडून येतात. रात्री त्यांच्या जोडप्याची ताटातूट होते, असे जुन्या काव्यांत सांगतात. मी तरी त्यांना दिवसा जोडीनेच पाहिले आहे.

दुसरी जागा आमच्या वावरातली विहीर. तिच्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. बहिणाबाईंचे गाणे आपण सगळ्याच म्हणतो. पण भगिनींनो, खोपा विणतो तो नर! अर्धा विणून झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तर संसार, नाही तर त्याने दुसरा विणायला घ्यावा. हे मी घरी सांगितले, तेव्हा आमच्याकडे कोणी फारसे हसले नाही.

त्या बाभळीवरून दरवर्षी वाद होतो. ट्रॅक्टर वळवायला ती आड येते, असे धाकटे दीर म्हणतात, आणि ते खोटे नाही. मागच्या पावसाळ्यात ते कुऱ्हाड घेऊन निघाले. मी म्हटले, "भाऊजी, खोप्यांत पिले आहेत, दसऱ्यापर्यंत थांबा." ते थांबले. दसऱ्यानंतर त्यांनी वावराकडच्या दोन फांद्या तोडल्या, पाण्यावरच्या ठेवल्या. सुगरण पाण्यावरचीच फांदी पसंत करते; साप-मांजराला तिथे पोचणे अवघड. यंदा सतरा खोपे मोजले. पुढच्या वर्षी काय होईल, ते भाऊजींच्या मनावर आहे.

संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपले की येणाऱ्या रविवारी सकाळी सहाच्या गाडीने येळगावला जायचे मी ठरविले आहे. ज्यांना यायचे, त्यांनी नाव सांगावे. भडक पातळ नको, पाखरे बिचकतात. भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली आपापली आणावी. लेकरे आणली तरी चालतील, मात्र त्यांच्या हाती दगड देऊ नयेत. दुपारच्या स्वयंपाकाला आपण परत घरी असू, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवावे.