रेघ जडविण्याची हत्यारे



आपल्या सिनेगॉगमधील एलियाहू हन्नाबीच्या सागवानी खुर्चीवर शिसवाची जी बारीक रेघ जडविली आहे, ती दोन ठिकाणी निखळली आहे. विजेच्या राउटरने नवी खाच पाडून घ्यावी, असे समितीचे म्हणणे आहे. माझी विनंती अशी की, हे काम हातानेच व्हावे. यंत्राचे पाते घसरले तर क्षणात लाकूड जाते; आणि जिच्यापाशी आपल्या मुलांच्या सुंता झाल्या, ती खुर्ची पुन्हा मिळणार नाही.

माझे वडील मुंबईत सुतारकाम करीत. निवृत्तीनंतर मी त्यांची पेटी उघडली आणि मेझुझाच्या डबीवर पटाशीने खाच पाडू लागले. पटाशी पाचरीसारखी शिरली आणि डबी उकलली. तेव्हा उमगले की, पटाशी कोपऱ्यांसाठी. लांब खाचेसाठी खरवडणारे पाते हवे.

जुन्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा कानशीने घासून शिसवाच्या पट्टीच्या जाडीइतका, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर, करावा आणि लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवावा. ठोकळ्याची कड खुर्चीच्या काठाला टेकवून ओढली की खाच समांतर जाते. हे पाते थोडे थोडे खरवडते; चूक दिसताच थांबता येते.

रेषे आडवे असतील तेथे आधी कटिंग गेजने खाचेच्या दोन्ही कडा चिराव्यात, मगच खरवडावे. अन्यथा रेषे उपटतात. कोपऱ्याच्या अलीकडे थांबून उरलेले लाकूड अरुंद पटाशीने काढावे. खोली पट्टीच्या उंचीपेक्षा किंचित कमी असावी; सरस वाळल्यावर वर राहिलेला भाग तासून सपाट करता येतो. सागवान धार लवकर मारते, म्हणून पाते वरचेवर घासावे.

रुग्णालयात आम्ही जखम पाहून मगच हत्यार उचलीत असू. येथेही नियम तोच आहे.

माझा हात आता कापतो. खुर्चीवर मी पाते धरणार नाही. दोघा तरुणांनी माझ्याकडे यावे. सागवानाच्या टाकाऊ तुकड्यांवर सलग दहा खाचा निर्दोष उतरल्या, की खुर्ची त्यांच्या स्वाधीन करावी. पेटी त्यांचीच होईल.